दोष नव्हे, इजा

लेकीच्या लग्नातल्या भांड्यांवर आपण हौसेने नाव घालून घेतो. ही भांडी गंजत नाहीत, कारण स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. (भांड्यांची धास्ती घेऊ नका. तिथे ते धातूच्या रूपात घट्ट बसलेलं असतं.) आपल्या देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या सुकिंदा खोऱ्यातून येतं. तिथल्या बायकांची मात्र आपल्याला काहीच खबर नसते.

सुकिंदाच्या बहुतेक खाणी उघड्या. माती-दगड उपसून त्याच्या टेकड्या रचलेल्या. त्यांवर पाऊस पडतो, खड्ड्यांत पाणी साचतं आणि खनिजातल्या फारशा उपद्रवी नसलेल्या क्रोमियमपैकी काहीचं रूप पालटतं. त्याला सहा-संयुजी क्रोमियम म्हणतात. ते पाण्यात विरघळतं, दमसाळ नाल्यातून पुढे ब्राह्मणी नदीपर्यंत जातं. २००७ साली अमेरिकेतल्या ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातल्या दहा सर्वांत प्रदूषित जागांची यादी केली, त्यात सुकिंदाचं नाव होतं. खाणीचं पाणी फेरस सल्फेट घालून शुद्ध करता येतं, तशी यंत्रणा तिथे आहेही. पण धो-धो पावसात टेकड्यांवरून वाहणारं पाणी काय यंत्राची वाट बघत थांबतं?

हे क्रोमियम पेशीला सल्फेटसारखं भासतं. म्हणून ओळखीचा पाहुणा समजून ती त्याला आत घेते. आत गेल्यावर त्याचं रूप पुन्हा बदलतं आणि त्या गडबडीत डीएनएचे धागे तुटतात, चुकीचे जोडले जातात. यातूनच पुढे फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, तोही कित्येक वर्षांनी. तोवर खाणीतली नोकरी सुटलेली असते आणि कंत्राटदाराच्या वहीत नावही सापडत नाही.

आता मला खरी भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. शास्त्रज्ञ याला ‘जनुकीय हानी’ म्हणतात आणि आपल्याकडे त्याचा अर्थ लगेच ‘त्यांच्या रक्तातच खोट आहे’ असा लावला जातो. सिकलसेलच्या शिबिरांत मी हे पाहिलंय. तपासणीचं कार्ड हातात पडलं की आईचा पहिला प्रश्न, “ताई, हे कुणाला सांगणार नाही ना? पोरीचं जमायचंय हो.” मुलाच्या आईने असं विचारलेलं मला तरी आठवत नाही.

म्हणून नीट समजून घ्या, मैत्रिणींनो. फुफ्फुसातल्या किंवा गालाच्या आतल्या पेशीला झालेली हानी पोटच्या लेकरात उतरत नाही. बीजपेशींची गोष्ट वेगळी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या क्रोमियमने नरांच्या बीजपेशींनाही हानी पोचलेली दिसली आहे. नरांच्या! आपल्याकडे गर्भ राहिला नाही की बोट मात्र सुनेकडे. ही हानी म्हणजे घराण्याचा दोष नाही, बाहेरून झालेली इजा आहे. इजा म्हटलं की ती केली कुणी, हे विचारता येतं. दोष म्हटलं की बाई गप्प बसते.

अशी इजा लवकर दिसू शकते. गालाच्या आतून काडीने पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर मोठ्या केंद्रकाशेजारी छोटं केंद्रक दिसतं. सुई नाही, दुखणं नाही. कुणा एकीला कर्करोग होईल की नाही हे त्यातून कळत नाही, पण एका वस्तीची दुसरीशी तुलना होते. मात्र अशा शिबिरात नावं गुप्त राहिली पाहिजेत, नाहीतर बायका यायच्याच नाहीत.

पैसा कुठून आणायचा? २०१५च्या कायद्याने खाण जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानं आली. खाणवाल्यांकडून तिथे पैसा जमतो आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, बायका-मुलं यांवर तो आधी खर्चायचा, असं ठरलेलं आहे. सुकिंदात आहे तसं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही ते आहे. तुमचा जिल्हा खाणींचा असेल तर पुढच्या ग्रामसभेत एवढं विचाराच: गावातल्या पाण्यातले धातू शेवटचे कधी तपासले, आणि तो कागद कुठे आहे?