हवेचे भाडे कोण भरतो?



शिरूर अनंतपाळहून सुटा कापूस घेऊन निघालेली गाडी वजनाने नव्हे, जागेने भरते. भाडे मात्र पुऱ्या खेपेचे. म्हणजे कापसाबरोबर आपण हवेचेही भाडे मोजतो. जिनिंगमध्ये सुमारे पाच क्विंटल कापसाची रुई दाबून 170 किलोंची एकच गाठ होते. वाहतूक स्वस्त होते ती तिथून पुढे. तिथवरचा खर्च आपल्याच माथी.

तेव्हा अर्धी गाडी एकट्याने नेऊ नका. चार घरे मिळून एक गाडी भरा, वजनाची पावती ज्याची त्याची वेगळी घ्या. वाळलेला कापूस सुती कापडात दाबून बांधा. प्लास्टिकचा धागा रुईत गेला की भाव पडतो. ज्वारीचा कडबा लांब न्यायचा तर कुट्टी करून पोत्यांत ठासा. घामाचे दाम मागणाऱ्यांनी हवेला दाम का द्यावा?