पैसे देऊन पालात?

उघड्यावरचा संसार आपल्या बीड जिल्ह्याला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघायचे, पट्टा पडेपर्यंत कोपीत राहायचे. म्हणूनच कोकणात पाल टाकून राहू म्हणताच आमची आजी म्हणाली, "पैसे देऊन कुणी कोपीत झोपतं का?"

तरी चार घरांनी वर्गणी काढली, जीप केली. ताम्हिणी घाटाचे जंगल ओलांडून महाडला उतरलो. १९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे मुलांना दाखवले. पुढे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे पाहिले आणि वेळासच्या समुद्राकाठी एका घराच्या अंगणात, विचारून, पाल टाकले. चुलीवर भाकरी, सोबत ठेचा.

वेळासला २००२ पासून कासवांची अंडी जपतात. पहाटे टोपली उचलताच चिमुकली पिल्ले लाटांकडे निघाली. आजी पाहतच राहिली. म्हणाली, "जन्मभर उघड्यावर झोपले, पण मुकादमाच्या हाकेशिवाय आजच उठले."

विसावा म्हणतात तो हाच. वर्षातून दोन दिवस तो आपल्या घरालाही द्या. मात्र भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारूनच मुलांना पाण्यात सोडा.