काशीदच्या पुळणीला मागे सरायला जागा ठेवा

श्रावणात काशीदला गेलात, तर मे महिन्यात पाहिलेली पुळण तिथे सापडत नाही. ती खचून सपाट झालेली असते. सुरूंच्या बुंध्यांशी वाळू कड्यासारखी कापली गेलेली असते आणि त्या कापातून मुळ्यांच्या जुड्या लोंबत असतात. बघणारा म्हणतो, समुद्राने किनारा खाल्ला. पण ती वाळू फार लांब गेलेली नसते. पावसाळी लाटा तिला ओढून थोड्या खोल पाण्यात बांधासारखी रचतात. मोठी लाट मग त्या बांधावरच फुटते आणि किनाऱ्याला बसणारा मार कमी होतो. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागतो, आणि संथ लाटा तीच वाळू पुढच्या काही महिन्यांत हळूहळू परत आणून टाकतात.

हा झाला वर्षाचा फेरा; किनारा हजारो वर्षांच्या हिशेबातही सरकत आला आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. आज होड्या जिथे जाळी टाकतात तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. बर्फ वितळला, पाणी चढले आणि गेल्या सहा-सात हजार वर्षांत आजच्या पातळीच्या आसपास थांबले. किनारा मात्र थांबला नाही. काशीदच्या उत्तरेला, कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेले चौल पाहा. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी ग्रंथात सेमिल्ला म्हणून नोंदलेले हे बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी शेजारी रेवदंड्याला कोट बांधला तो त्याच्याच व्यापारासाठी. आज त्या बंदराच्या जागी नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. किनाऱ्याची रेघ सरकतच असते. कोकणातली जुनी वस्ती हे ओळखून होती, म्हणून घरे वाडीच्या आड असत आणि समुद्राच्या बाजूला केवडा नि वाळूची टेकाडे मोकळी सोडलेली असत.

ती मोकळी जागाच आपण संपवली. अलिबाग-मुरुड रस्ता पुळणीला लागून, त्याला चिकटून टपऱ्या आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांची रांग. मधे उरले सुरूचे बन. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्या बनातली झाडे आडवी झाली. सुरूची मुळे पसरट असतात. ही झाडे वारा थोपवतात, पण पायथ्याची वाळू सरकली की झाडच कोसळते. वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल. तिच्या पेरापेराला मुळे फुटतात, वाऱ्याने उडालेला कण पानांशी अडतो आणि टेकाड बोट-बोट चढत जाते. गाडीचे चाक एकदा फिरले की ही वेल तुटते. तिचे नाव ठेवणाऱ्यांना समुद्राची हद्द कुठे असते हे माहीत होते.

काशीदची पुळण जेमतेम तीन किलोमीटर, दोन्ही टोकांना खडक आणि नवी वाळू आणून टाकणारी मोठी नदी जवळ नाही. म्हणजे भांडवल ठरलेले आहे. सागरमाला योजनेतून इथे ब्रेकवॉटर आणि जेट्टीचे काम हाती घेतले गेले. अशा भिंतीच्या आडोशाला वाळू साचते ती दुसरीकडून आलेली असते. चेन्नईत एकोणिसाव्या शतकात बंदर बांधले, दक्षिणेला मरीना रुंदावत गेली आणि उत्तरेला रोयापुरमचा किनारा झिजत राहिला. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचेही तसेच आहे. मागचा रस्ता तो वाचवतो, पण लाट दगडावर आपटून परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. अखेरीस रस्ता राहतो, पुळण राहत नाही.

देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा १९९० ते २०१८ या काळात झिजल्याचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने नोंदवले आहे. काशीदला अजून निवड करता येते. येत्या पावसाळ्याआधी टपऱ्या आणि वाहनतळ रस्त्याच्या पलीकडे न्यावेत, मर्यादवेलीचा पट्टा दोर लावून राखावा आणि दर मे व ऑक्टोबरमध्ये पुळणीची मापे घेऊन ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत. आणि ती मापे हाती येईपर्यंत बंधाऱ्याचा एकही दगड या वाळूवर पडू देऊ नये.