दोन गावे, दोन काटे

व्यापारी घराला वजनाचा विचार नवा नाही. पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेत धान्य, किराणा अथवा सोन्याचांदीची पेढी चालविणाऱ्या कुटुंबात काट्याची निगा लहानपणापासूनच शिकविली जाते. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचे मुद्रांकन असते, त्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते आणि मुदत संपण्याआधी ‘पासिंग’ करून घेण्याची आठवण मुनीम न चुकता देतो. जैन श्रावकाला तर ही बाब केवळ कायद्याची वाटत नाही. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापांनी देणे-घेणे हा एक स्वतंत्र अतिचार गणला आहे.

त्याच घराच्या आतल्या खोलीत, पलंगाखाली किंवा न्हाणीघराच्या दाराशी, काचेचा आणखी एक काटा पडलेला असतो. तो कोणी, केव्हा, कोणत्या सवलतीत घेतला हे कोणाला आठवत नाही. त्याच्यावर कोणाचेही मुद्रांकन नसते, कारण वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये पडताळणीचे बंधन मुख्यतः व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या वजनमापांवर आहे. घरातील माणसाने घरातच आपले वजन पाहिले तर त्यात व्यवहार होत नाही. परिणाम असा, की ज्या काट्यावर गिऱ्हाइकाचे दहा रुपये ठरतात तो दरवर्षी तपासला जातो आणि ज्या काट्यावर वडीलधाऱ्यांच्या औषधाची मात्रा ठरते, तो मात्र कधीच तपासला जात नाही.

पेण व रोहा या दोन्ही गावी दुकाने असलेल्या एका कुटुंबात यावरूनच मोठी धावपळ झाली. घरातील बापूजींचे वय ७६. हृदय अशक्त झाल्याचे निदान झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करण्यास, लघवीची गोळी नियमित घेण्यास आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहिण्यास सांगितले होते. हृदयाची ताकद कमी झाली की शरीरात पाणी साठू लागते. पायांवर सूज दिसण्यापूर्वी किंवा धाप लागण्यापूर्वी ते बहुधा वजनात उतरते. एका दिवसात किलो-सव्वा किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर थांबू नये, लगेच कळवावे, असे डॉक्टर सर्वसाधारणपणे सांगतात. या घरातही तसेच बजावले होते.

बापूजी महिन्याचे काही दिवस पेणला थोरल्या मुलाकडे आणि काही दिवस रोह्याला धाकट्याकडे राहत. पेणच्या वहीत थोरल्या सुनेने नीट ओळीने आकडे मांडले होते : ६२.४, ६२.३, ६२.५, ६२.४. मग एके दिवशी बापूजी सकाळच्या गाडीने कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके ओलांडीत रोह्याला पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील काट्याने ६४.२ दाखविले.

धाकट्या सुनेने घाबरून पेणला दूरध्वनी केला. “भाभी, बापूजींचं वजन एका रात्रीत जवळजवळ दोन किलो वाढलंय. गोळी वाढवायची का?”

“माझ्या मनानं मी काही सांगणार नाही गं. आधी डॉक्टरांना विचार,” भाभी म्हणाल्या. हे त्यांनी फार शहाणपणाचे केले. लघवीची गोळी गरज नसता वाढविली तर रक्तदाब उतरतो, सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण बिघडते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि वृद्ध मनुष्य भोवळ येऊन पडू शकतो. डॉक्टरांनी विचारले : पायांवर सूज आहे का, रात्री जास्तीची उशी घ्यावी लागली का, जिना चढताना धाप लागते का? तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असे आले. तेव्हा त्यांनी चौथा प्रश्न केला : काटा तोच आहे का?

त्या दिवशी दुपारी धाकट्या मुलाने घरचा काचेचा काटा उचलून दुकानात नेला आणि मुद्रांकित प्लॅटफॉर्म काट्याशेजारी सपाट फरशीवर ठेवला. स्वतः आधी दुकानाच्या काट्यावर उभा राहिला : ७१.२. लगेच त्याच कपड्यांत घरच्या काट्यावर : ७३.३. मग १० किलोचे लोखंडी वजन हातात घेऊन दोन्हींवर पुन्हा उभा राहिला. दुकानाच्या काट्यावर बरोबर १० किलो वाढले, घरच्या काट्यावर १०.३. म्हणजे घरचा काटा सरसकट दोन किलो जास्त दाखवीत नव्हता. तो शेकड्याला सुमारे तीन या दराने जास्त दाखवीत होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आरंभीच्या शिलकेची चूक नव्हती, व्याजाच्या दराची होती. बापूजींचे वजन तसूभरही वाढले नव्हते.

दुकानाच्या काट्यावर एवढा विश्वास का टाकावा, हे थोडे सांगण्याजोगे आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत किलोग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याची ५७ क्रमांकाची प्लॅटिनम-इरिडियमची प्रतिकृती जतन केलेली आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या गोळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर नेण्यात आली, तरी शृंखलेची रीत तीच आहे. राष्ट्रीय मानकावरून संदर्भ मानके, त्यांवरून दुय्यम मानके, त्यांवरून निरीक्षकाच्या पेटीतील कार्यकारी मानके आणि त्यांवरून पेढीवरचा काटा. शेवटची कडी आपल्या दुकानापर्यंत आलेली आहे. ती आतल्या खोलीपर्यंत नेण्यास दहा मिनिटे पुरतात, आणि ही सोय नोकरदार कुटुंबाला नाही. प्लॅटफॉर्म काट्याची कमाल क्षमता मात्र आधी पाहून घ्यावी, कारण लहान काट्यावर माणूस उभा राहिला तर तोच बिघडेल.

नवा काटा विकत घेताना डब्यावरील ‘१०० ग्रॅम’ या शब्दांना फार भुलू नये. काटा किती बारीक आकडा दाखवितो आणि तो आकडा कितपत खरा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याहून लबाड प्रकार म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती. कित्येक इलेक्ट्रॉनिक काटे आधीच्या वजनाशी थोडासाच फरक आढळला तर जुनाच आकडा पुन्हा दाखवितात. गिऱ्हाईक तीनदा उभे राहते, तिन्ही वेळा ६२.४ पाहते आणि काटा उत्तम म्हणून घेऊन जाते. हे सातत्य दिखाऊ असते. हृदयरोग्याच्या घरात ते धोक्याचेही ठरते, कारण रोज दोनदोनशे ग्रॅमने वाढणारे पाणी असा काटा काही दिवस झाकून ठेवू शकतो. यावर उपाय सोपा आहे. आधी रिकाम्या हाताने उभे राहावे. मग पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घेऊन, मग पुन्हा रिकाम्या हाताने, मग अर्ध्या लिटरची बाटली घेऊन. काट्याने प्रत्येक वेळी ती वाढ-घट दाखविली पाहिजे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही. आपल्या दुकानात गिऱ्हाईक तांदळाचे चार नमुने हुंगून पाहते, तेव्हा आपणही कंटाळा दाखवीत नाही.

स्प्रिंगचे तबकडीचे काटे अजून मिळतात. त्यांना बॅटरी लागत नाही, पण कोकणच्या दमट हवेत स्प्रिंग गंजते आणि काटा शून्यावरून सरकतो. वाकून तबकडी वाचणे वृद्धांना अवघडही जाते. चरबी, स्नायू, हाडे असे सारे सांगणारे ‘स्मार्ट’ काटे तळपायांतून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून अंदाज बांधतात. तो अंदाज शरीरातील पाण्याबरोबर बदलतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. छातीत पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने तर अशा काट्यावर पायच ठेवू नये. निर्मात्यांच्या सूचनापत्रात तसा इशारा असतो, परंतु तो वाचतो कोण? वृद्धांसाठी रुंद, बुटका, न घसरणारा पृष्ठभाग आणि ठळक मोठे अंक असलेला साधा इलेक्ट्रॉनिक काटा सर्वांत बरा.

या वस्तूला ‘बाथरूम स्केल’ म्हणत असले तरी बाथरूम ही तिची जागा नव्हे. ओल्या काचेवर पाय घसरतो आणि पावसाळ्यातील ओलाव्याने आतले जोड खराब होतात. कोरड्या खोलीत, जेथे फरशीचे सांधे काट्याच्या पायांखाली येणार नाहीत अशी एक जागा ठरवून काटा तेथेच ठेवावा. सतरंजीवर अथवा पायपुसण्यावर ठेवला की आकडा बिघडतो. चारही कोपऱ्यांखालच्या पायांवर भार नीट आला तरच यंत्राचा हिशेब जुळतो. जागेवरून हलविल्यास आधी एकदा पायाने दाबून सोडावे, शून्य दिसू द्यावे, मग उभे राहावे.

वजनाची वेळ ठरविण्याच्या बाबतीत आपली घरे सुदैवी आहेत. चौविहार पाळणारा मनुष्य सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही आणि नवकारसी होईपर्यंत काही मुखात घालीत नाही. शौच उरकल्यानंतरचा व नवकारसीपूर्वीचा तो काळ डॉक्टरांना हवा तसाच आहे : पोट रिकामे, वेळ ठरलेली, कपडे तेच. बियासणा, एकासणा किंवा अठ्ठाईच्या दिवसांत आकडा भराभर उतरतो, पण सुरुवातीच्या या घटीत मोठा वाटा पाण्याचा असतो आणि पारण्यानंतर तो परततो. निरोगी तपस्व्याने त्याचा हर्षही मानू नये आणि खेदही. ज्यांना लघवीची किंवा मधुमेहाची गोळी चालू आहे, त्यांनी मात्र पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना तपाचे दिवस सांगावेत आणि गुरुमहाराजांना आजार सांगावा.

रोह्याच्या त्या घरी मग चर्चा झाली. दोन्ही गावी एकाच बनावटीचे नवे काटे घ्यावेत असे धाकट्याचे मत पडले. बापूजींनी ते मानले नाही. पेणचा काटा त्यांनी दुकानात ताडून पाहिला, तो ७१.२ ला ७१.१ दाखवीत होता. एवढा फरक पुष्कळ बरा, असे म्हणून त्यांनी तोच काटा कापडी पिशवीत घालून प्रत्येक फेरीला बरोबर नेण्याचे ठरविले. गाडीत शेजारचा प्रवासी विचारी, “शेठ, यात काय?” बापूजी सांगत, “माझा निरीक्षक.” वहीत एक नवा रकानाही आला : गाव. तारीख, गाव, वजन, सूज, सही. सही रोज त्या त्या सुनेची.

दिवाळीनंतर बापूजी पेणला होते. घरात पाहुण्यांची वर्दळ होती, ताटात रोज पापड व लोणचे पडत होते आणि पेणच्या पापडापुढे मीठ कमी करण्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. वहीत आकडे उमटले : ६२.५, ६३.०, ६३.८, ६४.४. थोरल्या सुनेने काट्याचे पाय पुसले, तो फरशीवर पुन्हा नीट बसविला आणि पाण्याची बाटली घेऊन स्वतः उभी राहून पाहिले. काटा बरोबर होता. तिने डॉक्टरांना दूरध्वनी केला. या वेळी त्यांनी काट्याविषयी काही विचारले नाही. वही घेऊन दुपारपर्यंत या, एवढेच सांगितले.