मुलांचा जुनाट मलावरोध

चौसाळा परिसरातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोपीजवळ शौचालय क्वचितच असते; लहान मूल उघड्यावर बसण्यास बिचकते आणि शौच रोखून धरते. रोखलेल्या मळातील पाणी मोठे आतडे शोषून घेते, खडा बनतो. तो बाहेर पडताना एकदा दुखले, की पुढच्या वेळी मूल अधिकच आवळून धरते. पाय जुळवून, टाचा उंचावून कोपऱ्यात उभे राहिलेले मूल कुंथत नसते, बहुधा रोखत असते.

पुढे आतडे ताणले जाते, संवेदना मंदावते आणि खड्याच्या कडेने पातळ मळ नकळत चड्डीत झिरपतो. पालक त्याला जुलाब समजतात किंवा आळस समजून मुलाला मारतात. मार खाल्लेले मूल आणखी रोखते.

आजीची ज्वारीची भाकरी अवश्य द्यावी. तिचे एरंडेल आणि साबणाचा तुकडा मात्र नको. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली साचलेला मळ काढावा, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे मळ मऊ ठेवणारे औषध किमान 2 महिने द्यावे. त्याची सवय लागत नाही. जेवणानंतर 5 ते 10 मिनिटे, पाय नीट टेकवून, न रागावता बसवावे. दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवावे.

जन्मानंतर 48 तासांत शी झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल वा वजन घटत असेल, तर विनाविलंब जिल्हा रुग्णालयात दाखवावे.

उपचार चालू असताना तोडीला निघावे लागले, तर औषध आणि चिठ्ठी सोबत न्यावी.