तिसऱ्या रात्रीचा मुक्काम कुठे?

मार्च महिना उजाडला, शाळांच्या परीक्षांची वेळापत्रके लागली, की माझ्या दवाखान्यात एक निराळीच वर्दळ सुरू होते. या मुलांना ताप नसतो, खोकला नसतो. आई-वडील प्रवास कंपनीचा छापील नमुना पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मे महिन्यात लडाखला निघालोय. मुलगा फिट आहे, एवढं लिहून द्या." एके काळी बडोद्यातला मराठी माणूस सुट्टीत आजोळी जाई, कोकणात जाई, फार तर माउंट अबूला. २००९ साली 'थ्री इडियट्स' पडद्यावर आला, त्यातला निळाशार पँगाँग तलाव घराघरांत पोहोचला आणि पाहता पाहता त्या तलावाच्या काठी तंबूत एक रात्र काढणे, हे प्रत्येक कुटुंबाचे स्वप्न होऊन बसले.

मी मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो, वजन पाहतो आणि सही करतो. अनेक वर्षे करत आलो. ही सही बहुतांशी निरर्थक आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवरच्या बडोद्यात तपासलेले मूल सव्वाचार हजार मीटरवर मध्यरात्री कसा श्वास घेईल, हे त्या स्टेथोस्कोपमधून ऐकू येत नाही. तिथे मुलाच्या प्रकृतीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व असते ते मुक्कामाच्या जागेला. म्हणून हल्ली मी सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो : तिसऱ्या रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात?

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही. तो माझ्या स्वतःच्या चुकीने शिकवला, आणि ती चूक या स्मरणिकेच्या पानांवर समव्यवसायी बंधू-भगिनींसमोर मांडण्यात मला संकोच वाटत नाही.

२०१३ सालच्या जून महिन्यात आम्ही चार डॉक्टर कुटुंबे लडाखला गेलो होतो. विमानाने लेह, तिथे दोन रात्री आणि तिसरी रात्र पँगाँगच्या काठी. कार्यक्रम आम्हीच आखला होता. त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देण्याची सोय नाही. माझ्या शल्यविशारद मित्राचा सहा वर्षांचा मुलगा आमच्यात सर्वांत लहान. चांग ला ही साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची खिंड ओलांडताना तो गप्प झाला. दुपारी जेवला नाही. पुढे एकदा वांती झाली. आम्ही आठही मोठ्या माणसांनी, ज्यांतील पाच जण वैद्यक शिकलेले, एकमुखाने निदान केले : गाडी लागली!

वाटेत तांगत्से नावाचे गाव लागते. आमचा लडाखी चालक तिथे गाडी थांबवून मला म्हणाला, "साहेब, लहान मूल आहे. आज इथंच राहा. तलाव उद्या सकाळी बघून या." तांगत्से हे पँगाँगपेक्षा सुमारे तीनशे मीटर खाली. पण तंबूंचे पैसे आगाऊ भरलेले, सूर्यास्ताची छायाचित्रे राहून जाणार, आणि तांगत्सेत पाहण्यासारखे काय आहे? मी हसून त्याला म्हणालो, "मी लहान मुलांचाच डॉक्टर आहे." तो पुढे काही बोलला नाही. ते वाक्य आजही मला टोचते.

रात्री साडेबाराच्या सुमारास वहिनी तंबूबाहेरून हाका मारू लागल्या. मुलगा उठून बसला होता. श्वास मिनिटाला पन्नासच्या वर, कोरडा खोकला, ओठ निळसर. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ६४. फुप्फुसांच्या तळाशी करकर ऐकू येत होती. निदानाला आता बालरोगतज्ज्ञाची गरजच उरली नव्हती. गरज होती ती ताबडतोब खाली उतरण्याची.

आणि तेव्हा ध्यानात आले, की आपण जागा कशी निवडली आहे! तांगत्सेकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'पागल नाला' नावाचा ओहोळ आहे. दुपारच्या उन्हाने वरचे हिम वितळले की तो फुगतो आणि रस्ता गिळतो. आमच्या सुदैवाने रात्रीच्या थंडीने पाणी ओसरले होते. चालकाने खाली उतरून बॅटरीच्या उजेडात दगड चाचपले आणि गाडी पार नेली. तांगत्सेला प्राणवायू मिळाला, औषधे सुरू झाली. पहाटेपर्यंत श्वास मंदावला. परंतु लेहला परतायचे तर पुन्हा तीच चांग ला खिंड चढणे भाग होते. फुप्फुसांत पाणी झालेल्या मुलाला खाली नेण्यासाठी आधी चौदाशे मीटर वर न्यायचे! प्राणवायूचा सिलिंडर मांडीवर घेऊन आम्ही ती खिंड ओलांडली. तो मुलगा आज महाविद्यालयात शिकतो. सारे सुखरूप पार पडले, म्हणून हा लेख लिहू शकतो.

या आजाराच्या अभ्यासात भारतीय डॉक्टरांचे योगदान फार मोठे आहे, हे आपल्यापैकी तरुण सहकाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल. १९६२च्या युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातले जवान विमानाने थेट उंचीवर पोहोचवावे लागले आणि निरोगी, तरुण, कमावलेल्या शरीराची माणसे फुप्फुसांत पाणी होऊन कोसळू लागली. डॉ. एन. डी. मेनन यांनी लेह येथील अशा १०१ रुग्णांचा अभ्यास १९६५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. १९६९ साली त्याच नियतकालिकात डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला पर्वतीय आजारावरचा निबंध लिहिला. जवानांनी जी किंमत मोजून हे ज्ञान मिळवून दिले, ते आपण सहलीचा कार्यक्रम आखताना गुंडाळून ठेवतो, ही खेदाची गोष्ट आहे.

त्या ज्ञानाचे सार साधे आहे. दिवसा माणूस किती उंच चढला यापेक्षा रात्री तो कुठल्या उंचीवर झोपला, हे अधिक महत्त्वाचे. झोपेत श्वसन मंदावते, अधूनमधून काही क्षण थांबतेही, आणि रक्तातला प्राणवायू आणखी घटतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर, त्सो मोरीरी त्याहून उंच, ४,५०० मीटरच्या पुढे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस पहिल्याच दिवशी हा संकेत मोडतो. म्हणून तिथल्या पहिल्या दोन-तीन रात्री विश्रांतीच्या हव्यात, आणि तिसऱ्या रात्रीचा प्रश्न कळीचा ठरतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोठा माणूस 'डोके दुखते' असे सांगतो. दोन वर्षांचे मूल किरकिर करते, दूध नाकारते, झोपत नाही, खेळत नाही. प्रवासात मूल किरकिरायचेच, असे म्हणून आपण ते सोडून देतो. माझ्या मते नियम उलटा हवा : उंचीवर गेलेले मूल कारणावाचून रडत असेल, तर दुसरे कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच रडते आहे असे समजावे आणि पुढे जाऊ नये. सर्दी-पडसे झालेले मूल, हृदयात जन्मजात छिद्र असलेले, डाउन सिंड्रोम असलेले, अपुऱ्या दिवसांचे जन्मून फुप्फुसे दुबळी राहिलेले मूल, यांना धोका अधिक. अशा मुलांच्या पालकांना 'जाऊ नका' असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य आपण दाखवले पाहिजे. अॅसेटाझोलामाइडचा उपयोग आहे, पण चुकीच्या जागी ठोकलेला तंबू औषधाच्या गोळीने योग्य जागी येत नाही.

उंचीनंतर दुसरी कसोटी माघारीच्या वाटेची. मनालीहून लेहला मोटारीने जाणारे बहुतेक लोक सरचू येथे तंबूत राहतात. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. मनाली दोन हजारांच्या आसपास. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून हा प्रवास आणखी सुलभ आणि म्हणूनच आणखी वेगवान झाला आहे. सरचूच्या एका अंगाला बारालाचा ला, दुसऱ्या अंगाला लाचुलुंग ला. दोन्ही खिंडी मुक्कामापेक्षा कितीतरी उंच. म्हणजे रात्री कुणाचा श्वास अडला, तर दोन्हीकडून आधी चढच! याउलट श्रीनगरमार्गे गेले, तर कारगिल २,७०० मीटरच्या आत, पुढे सिंधूकाठचे आल्ची ३,१०० मीटरच्या आसपास, आणि मग लेह. शरीराला पायरीपायरीने चढता येते. दोन दिवस अधिक लागतात, हे खरे. पण लेकरांना घेऊन निघालेल्या माणसाला एवढी कसली घाई?

तिसरी कसोटी जमिनीची. लडाखमध्ये वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून कोरड्या ओढ्याचे सपाट, वाळूचे पात्र तंबूला फार सोयीचे वाटते. ५ ऑगस्ट २०१०च्या मध्यरात्री लेह परिसरात ढगफुटी झाली. चिखल-दगडांच्या लोंढ्याने दोनशेहून अधिक माणसे बळी घेतली. विश्वामित्रीच्या पात्रालगत घरे बांधून २०१९ आणि २०२४ साली पाणी घरात आलेले पाहणाऱ्या आम्हा बडोदेकरांना हे समजावून सांगायला नको : नदी आपली जागा विसरत नाही. पात्रापासून दूर, जरा उंचवट्यावर, पण वाऱ्याच्या आडोशाला तंबू असावा. अगदी खोलगट तळाशीही नको, कारण रात्री जड, थंड हवा उतारावरून ओघळून तिथेच साचते. आणि थंडी कितीही असो, बंद तंबूत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि प्राणवायू आधीच कमी असलेल्या ठिकाणी त्याला वेळही थोडा लागतो.

शेवटची कसोटी शिष्टाचाराची. चांगथांगच्या पठारावर पश्मिना शेळ्या आणि याक पाळणारे चांगपा लोक पिढ्यान्‌पिढ्या तंबूत राहतात. याकच्या केसांच्या त्यांच्या तंबूला 'रेबो' म्हणतात. आपल्याला जी हिरवळ ओसाड आणि बेवारस वाटते, ती त्यांची राखीव कुरणे असतात. त्सो कर आणि त्सो मोरीरी यांच्या दलदलीत काळ्या मानेचा क्रौंच उन्हाळ्यात घरटे करतो. पाण्याला टेकून तंबू ठोकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात बिछाना पसरणे होय. चांगपा आपले तंबू कुठे लावतात, हे पाहावे आणि जागा विचारून घ्यावी. त्यांच्या मुलांना तिथे त्रास होत नाही, मग आपल्या का व्हावा, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्यांच्या रक्तात हजारो वर्षांचे अनुकूलन आहे; आपल्या मुलांजवळ जेमतेम दोन रात्रींचे.

"हजारो लोक जातात आणि धडधाकट परततात, तुम्ही उगाच घाबरवता," असे काही सहकारी म्हणतील. खरे आहे, बहुतेक जण परततात. लस न घेतलेली बहुतेक मुलेही जगतातच. म्हणून आपण लस देणे थांबवत नाही. लडाखला जाऊ नका, असे मी कुणालाही सांगत नाही. मी स्वतः पुन्हा गेलो आहे. त्या वेळी लेहला तीन रात्री, मग तांगत्सेला मुक्काम केला आणि पँगाँग पहाटे जाऊन पाहिला. सकाळच्या उन्हात तो तितकाच निळा होता.

माझी सूचना एवढीच, की आपल्या संस्थेच्या सभासदांनी 'तंदुरुस्तीचा दाखला' देताना प्रवासाचा कार्यक्रम मागून घ्यावा आणि प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची पालकांकडूनच लिहून घ्यावी. ती रांग लिहिताना सव्वाचार हजारांचा आकडा त्यांच्याच डोळ्यांत भरतो. आपल्याला फारसे बोलावे लागत नाही. यासाठी पाच मिनिटे लागतात. तांगत्सेला गाडी थांबवणाऱ्या त्या चालकाने माझ्यासाठी तेवढीच पाच मिनिटे खर्च केली होती. तेव्हा मी ती ऐकायला हवी होती.