‘वन लव्ह’ चालतं, मग भीमगीत का चालत नाही?



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. पोरांचा बँड होता. गिटार, कीबोर्ड आणि सोबतीला वस्तीतून बोलावलेली दोन हलगीवाली पोरं. ‘लोकसंगीत फ्युजन’ म्हणून त्यांनी बॉब मार्लीचं ‘वन लव्ह’ वाजवलं. रेगेचा ठेका ओढून धरल्यासारखा असतो. चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि जोर तिसरीवर द्यायचा. हलगीवाल्यांनी तो दोन मिनिटांत उचलला. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्राचार्यांनी भाषणात ‘संगीताला जात नसते’ हे वाक्य दोनदा म्हटलं. गिटारवाल्याचं नाव पुकारलं, गाणाऱ्या मुलीचं पुकारलं. हलगीवाल्यांची वेळ आली तेव्हा निवेदक म्हणाला, ‘आणि आपले स्थानिक कलाकार.’ नावं नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. तिने भीमगीत दिलं होतं, ते यादीतून काढलं होतं. कारण काय, तर ‘राजकीय गाणी नकोत, वाद होतो.’

म्हणजे जमैकाच्या काळ्या माणसाचं गाणं चालतं, पण गावातल्या निळ्या झेंड्याखालचं गाणं चालत नाही. ह्या लेखात मला एवढ्याच गोष्टीचा हिशेब करायचा आहे.

आधी एक स्पष्ट करतो. आपल्या लोकवाद्यांवर रेगे वाजवायला माझा विरोध नाही. उलट काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं आज टी-शर्टवर छापून आलेलं नाही. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा मार्ली आपल्याला परका नाही. प्रश्न असा आहे की मार्लीचं कोणतं गाणं उचललं जातं, आणि कशासाठी.

जगभर लोकवाद्यं घेऊन रेगे वाजवणारे शेकडो गट आहेत. सगळ्यांचं आवडतं गाणं ‘वन लव्ह’. जमैकाच्या पर्यटन खात्याने जाहिरातीत वापरलं तेही हेच. समुद्र, ऊन, हसरे चेहरे आणि ‘सगळे एक होऊया’. आता दुसरी बाजू बघा. ‘वन लव्ह’ ज्या ‘एक्सोडस’ अल्बममध्ये आहे तो 1977 चा. त्याच वर्षी मार्लीचा जुना साथीदार पीटर टॉश याचा अल्बम आला, त्याचं नाव ‘इक्वल राइट्स’, म्हणजे समान हक्क. टॉशचं म्हणणं सरळ होतं : शांती शांती काय करता, आधी हक्क द्या. 22 एप्रिल 1978 ला किंग्स्टनमध्ये ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’ झाली. मार्लीने दोन वैरी पुढाऱ्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. तो फोटो जगाने पाहिला. त्याच मंचावर टॉशने त्याच पुढाऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं. त्याच वर्षी पोलिसांनी त्याला बेदम मारलं. हा फोटो कुणाच्या भिंतीवर नाही.

हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? एका बाजूला समरसता, दुसऱ्या बाजूला समता. समरसता म्हणते, एका पंगतीत बसा, गोड बोला, जुनं उकरू नका. समता विचारते, गायरानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? बाबासाहेबांनी बंधुता कधी नाकारली नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत. समता वगळून उरलेली बंधुता म्हणजे बळकटाने दुबळ्याला दिलेला गप्प बसण्याचा सल्ला. स्नेहसंमेलनातलं ‘वन लव्ह’ तसंच होतं.

आणि मार्ली तरी नुसता ‘वन लव्ह’वाला होता का? ‘गेट अप, स्टँड अप’ त्याने टॉशबरोबर लिहिलं, 1973 साली. ‘वॉर’ 1976 चं. त्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याच्या 4 ऑक्टोबर 1963 च्या युनोतल्या भाषणावरून घेतलेले आहेत. आशय असा की एक वंश श्रेष्ठ आणि दुसरा हीन हे तत्त्वज्ञान गाडलं जात नाही तोवर युद्ध चालूच राहणार. ‘वंश’ काढून ‘जात’ घाला आणि तेच गाणं कॉलेजच्या मंचावर म्हणून दाखवा. प्राचार्यांच्या टाळ्या किती वेळ टिकतात ते कळेल. (रास्ताफारींनी त्या सम्राटाला देव केलं, ते आपण घ्यायचं कारण नाही. त्याच 25 नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेबद्दल बजावलेलं आहे.)

रेगेला आज मान आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून यादीत घेतलं. पण ज्या रास्ताफारींनी ह्या संगीताला विचार दिला, त्यांना 1963 साली कोरल गार्डन्सच्या प्रकरणात पोलिसांनी धरून धरून मारलं होतं. सरकारने माफी मागितली 2017 साली, चोपन्न वर्षांनी. आधी झोडपायचं, मग वारसा म्हणून मिरवायचं. आपल्याकडे वारसा म्हणून मिरवणं सुरू झालं आहे, झोडपणं अजून थांबलेलं नाही. मे 2015 मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा, मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन, खून झाल्याची बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली. कुणाला गाण्याचा ‘वाद’ नको असतो आणि कुणाचा गाण्यापायी जीव जातो, हे त्या मुलीला ‘राजकीय गाणी नकोत’ म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं.

आता चोरीच्या आरोपाकडे येऊ. आपल्या गायन पार्ट्यांनी सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधलं की जाणकार नाक मुरडतात : ‘चाल उचलली.’ शहरातल्या बँडने मार्ली शब्दासकट जसाच्या तसा वाजवला की त्याला म्हणतात ‘कव्हर’. अरे, चाल उचलणं हा गुन्हा असेल तर पहिला आरोपी जमैका! तिथे एकाच ढोल-बासच्या पट्टीवर, तिला ते ‘रिडिम’ म्हणतात, वेगवेगळे गायक आपापले शब्द बसवतात. ‘वन लव्ह’च्या नावातच ‘पीपल गेट रेडी’ जोडलेलं आहे. ते गाणं शिकागोच्या कर्टिस मेफिल्डचं, 1965 चं. गरिबाचं संगीत असंच चालतं. वस्तीला चाल आधीच पाठ असते, म्हणून नवा विचार एका रात्रीत पाठ होतो. ज्या माणसाला वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत महाड, येवला, नागपूर पोचलं ते ह्याच वाटेने. आमच्या शाहिरांनी चाल घेतली पण शब्द आपले घातले, भांडण आपलं घातलं. कव्हरवाल्याने शब्दही घेतले आणि भांडण तेवढं गाळलं. मग उसनवारी कुणाची मोठी?

जगात ज्यांना खरोखर जखम होती, त्यांनी रेगे कसं घेतलं ते बघा. ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाही असताना 1979 साली जिल्बेर्तो जिलने मार्लीचं ‘नो वुमन, नो क्राय’ पोर्तुगीजमध्ये आणलं. किंग्स्टनच्या चाळीचं अंगण त्याने रिओच्या बागेत नेलं आणि तुरुंगात गेलेल्या, गायब होत चाललेल्या मित्रांची आठवण त्यात घातली. त्याच देशात साल्वादोर शहरात काळ्या वस्तीतल्या ढोलवाल्यांनी, ओलोदुमसारख्या पथकांनी, आपल्या सांबाच्या ढोलात रेगे मिसळून ‘सांबा-रेगे’ उभं केलं. 1979 साली मार्ली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गाऊन गेला. त्यानंतर तिथल्या आदिवासींच्या ‘नो फिक्स्ड अ‍ॅड्रेस’ने आणि न्यूझीलंडच्या ‘हर्ब्स’ने रेगेच्या ठेक्यावर आपल्या जमिनीची आणि आपल्या टिकून राहण्याची गाणी बांधली. ह्यातलं कुणीही नकलेवर थांबलं नाही. ठेका घेतला आणि फिर्याद स्वतःची लिहिली.

आपल्या देशातही उदाहरण आहे. पंजाबच्या मानसा जिल्ह्यातला बंत सिंग, मजहबी शीख, शेतमजुरांचा गायक. मुलीवरच्या बलात्काराविरुद्ध कोर्टात गेला म्हणून जानेवारी 2006 मध्ये त्याच्यावर हल्ला झाला. दोन्ही हात आणि एक पाय गेला. गाणं गेलं नाही. पुढे ‘वर्ड साउंड पॉवर’ ह्या गटाने, दिल्लीच्या तरु दालमियासारख्या रेगेवाल्यांनी, त्याच्या गावी जाऊन त्याच्यासोबत रेकॉर्डिंग केलं. त्यात बंत सिंगचं नाव पुढे आहे, आवाज पुढे आहे आणि त्याचं भांडण जसंच्या तसं आहे. परंपरा आणि रेगे एकत्र आणायचं तर असं आणा.

इथवर दुसऱ्यांना बोललो. आता आपल्या घरात येतो, राग आला तरी चालेल.

14 एप्रिलला आपण काय करतो? डीजेची भिंत उभी करतो. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफण्याची त्यांची रीत होती. ही रीत काही हौसेची नव्हती. ज्याचं नाव वहीत, रेकॉर्डवर, वर्तमानपत्रात कुठेच येणार नाही, त्याने आपलं नाव गाण्याच्या पोटात जपून ठेवलं. आपल्या रिमिक्समध्ये शेवटचं कडवं येतच नाही. मुखडा, धमाका, पुढचं गाणं. प्राचार्यांनी हलगीवाल्यांची नावं गाळली म्हणून मी चिडलो, आणि आपण वामनदादांचं नाव दर जयंतीला गाळतो. तिकडे ‘नो वुमन, नो क्राय’वर गीतकार म्हणून व्हिन्सेंट फोर्डचं नाव आहे. तो ट्रेंचटाउनमध्ये भुकेल्यांना जेवू घालणारा मार्लीचा मित्र. त्या नावावरच्या रॉयल्टीने त्याचं अन्नछत्र चालत राहिलं असं सांगतात. नाव लिहिण्याला एवढी किंमत असते.

दुसरी गोष्ट हलगीची. आपल्यातले काही जण म्हणतात, ‘हलगी ही गुलामीची निशाणी, कशाला परत हातात घ्यायची?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. दवंडीला, मिरवणुकीला, दुसऱ्याच्या लग्नात, दारात उभं राहून वाजवायला लावलं ते आपल्याच बापजाद्यांना. ते काम सोडणं हा स्वाभिमान होता. पण जमैकातला बुरू ढोलही गुलामांच्या मळ्यातलाच. काउंट ऑसीसारख्या वादकांनी तो रास्ताफारींच्या सभेत आणला आणि रेगेच्या मुळाशी जाऊन बसवला. गुलामी कातड्यात नसते, ती हुकमात असते. कुणाच्या हुकमाने, कुणाच्या दारात आणि किती पैशात वाजवतो, हे बदललं की वाद्य बदलतं. अट एकच : हलगी एका जातीच्या गळ्यात अडकवायची नाही. बौद्ध पोरानेही शिकायची, मराठा पोरानेही शिकायची. आणि मातंग वस्तीतला जो पोरगा आज वाजवतो त्याला कीबोर्डवाल्याइतकंच मानधन द्यायचं. तो आपल्या जयंतीत भाड्याने आणलेला ‘वाजंत्री’ असेल, तर आपणही प्राचार्यच.

हे मी धाराशिवातून बोलतो त्याला कारण आहे. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला बाबासाहेब आले होते. परिषदेचं नाव होतं महार-मांग वतनदार परिषद. महार आणि मांग, एका मांडवात. आज दोघांच्या जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, झेंडे वेगळे. तुळजापूरच्या वाटेवर नवरात्रात दोघांची वाद्यं ऐकून लोक माना डोलावतात, पण दोघांना एका मंचावर आणणारं गाणं आपल्याकडे नाही. ते आपल्यालाच बांधावं लागणार.

म्हणून जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतल्या मित्रांना माझं सांगणं आहे. येत्या जयंतीच्या पत्रिकेवर गीतकाराचं, गायकाचं आणि हलगीवाल्याचं नाव छापा. भीमगीत वाजवाल तर शेवटच्या कडव्यासकट वाजवा. वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाकडे, भजन म्हणणाऱ्या आजीकडे मोबाइल घेऊन बसा, गाणं उतरवून घ्या आणि नाव, गाव, तारीख लिहून ठेवा. रेगे आवडतं? जरूर घ्या. पण त्यावर ऊसतोडीला गेलेल्या टोळीचं गाणं लिहा, अडलेल्या स्कॉलरशिपचं लिहा, स्मशानभूमीच्या अडवलेल्या रस्त्याचं लिहा. आणि ते पुढच्या स्नेहसंमेलनात द्या. यादीतून काढलं तर कारण लेखी मागा.

ती बी.ए.ची मुलगी सध्या हलगी शिकते आहे. शिकवतो तो त्या रात्रीच्या दोघांपैकी एक जण. पुढच्या वर्षी दोघंही एकाच मंचावर असतील, आणि त्यांची नावं पुकारावी लागतील.

जय भीम!